निळी चादर, पांढरी चादर

“पांढरी! पांढरी चादर!” बाकावर चढलेला लंबू ओरडला. “नळाला पाणी आलं!”

“हळू ओरड ना, दादा!” झुडपामागून ठेंगू म्हणाली. तिचे दोन्ही हात कारंज्याचं पाणी बंद-चालू करणाऱ्या, झाकणाखालच्या लोखंडी चाकावर होते. “एकदा आलं म्हणजे काही सिद्ध होत नाही. परत सोडते.”

तिने चाक उलटं फिरवलं. बागेतलं नवं कारंजं उसळलं आणि रस्त्यापलीकडच्या लाँड्रीच्या गच्चीवर चश्मिशने निळी चादर हलवली. नळ कोरडा!

तिसऱ्यांदाही तेच झालं.

लाँड्री चश्मिशच्या आईची. बागेची सुधारणा झाली, कारंजं बसलं आणि तिच्या नळाची धार आटत गेली. कपडे वेळेवर मिळेनात, तशी गिऱ्हाइकं तुटली. सुट्टी संपेपर्यंत पाणी आलं नाही तर दुकान बंद करून मामाकडे जायचं, असं आईने ठरवलं होतं. म्हणजे चश्मिशही जाणार!

संशय ठेंगूला आला होता. कारंज्याच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘येथे तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरले जाते.’

“मग गटारात सारखं कुठलं पाणी चाललंय?” तिने विचारलं होतं.

धावत आलेली चश्मिश म्हणाली, “चला, पाणीखात्याच्या साहेबांना सांगू!”

“ते भेटतात कुठे?” लंबू म्हणाला. “हेलपाटे घालून तुझ्या आईच्या चपला झिजल्या!”

“मग त्यांनाच येऊ दे की,” ठेंगू म्हणाली आणि तिने चाक घट्ट आवळलं.

कारंजं बंद पडलं. तशी तक्रार गेली आणि थोड्याच वेळात साहेबांची जीप हजर! मागोमाग मोटारसायकलवर कंत्राटदार.

“कोणी बंद केलं हे? कान उपटू का?” साहेब गरजले.

“आधी नळ बघा, मग उपटा!” लंबू म्हणाला.

साहेब लाँड्रीत गेले. नळ धो धो वाहत होता. ठेंगूने चाक सोडलं, धार आटली. साहेब कंत्राटदाराकडे वळले.

“पाणी फिरवणारा पंप कुठाय?”

“यायचाय, साहेब,” कंत्राटदार पुटपुटला. “उद्घाटन आधी आलं. म्हणून तात्पुरतं गल्लीच्या लाइनीला जोडलं.”

“शाबास, पोरांनो! अशीच मुलं हवीत!” साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. “चला, एक फोटो काढू. अरे, कारंजं चालू राहू दे, फोटो छान येईल!”

“आणि आमचा नळ?” चश्मिशने विचारलं.

“पंपाला वरून मंजुरी लागते, बाळ. बघू पुढच्या वर्षी.”

“तोवर कारंजं बंद ठेवा ना!”

“उद्घाटन झालेलं कारंजं बंद कसं ठेवणार?”

दुसऱ्या दिवशी मुलं बागेत गेली, तेव्हा झाकणाला नवं कोरं कुलूप होतं.

सुट्टी संपता संपता लाँड्रीसमोर टेम्पो लागला. यंत्रं चढली, इस्त्रीचं टेबल चढलं. चश्मिशच्या आईने लंबू-ठेंगूला जवळ घेतलं.

“मी नुसती भांडत राहिले, रे. तुम्ही शोधून काढलंत. हुशार आहात.”

“पण उपयोग काय झाला, काकू?” ठेंगू म्हणाली.

काकूंनी तिच्या केसांवरून हात फिरवला.

टेम्पो बागेवरून निघाला. कारंजं जोरात उडत होतं. लंबू बाकावर चढला आणि दोन्ही हात हलवू लागला.

मागे गाठोड्यांवर बसलेल्या चश्मिशने हात हलवला नाही. तिने निळी चादर हलवली.