मोठं इंजिन काचेत

प्रेम वाऱ्याच्या वेगाने येतं आणि माणसाला काही कळायच्या आत उडवून नेतं, असं थोरामोठ्यांनी सांगून ठेवलं आहे. या गोष्टीतलं प्रेम ताशी अठ्ठावीस किलोमीटरच्या वेगाने आलं. तेही वाटेत दोनदा बंद पडून.

सुरुवात मात्र जोरात झाली. म्हणजे डोकं जोरात आपटलं.

शोरूमची काच त्या दिवशी सकाळीच पुसली होती. आत फिरत्या चौथऱ्यावर ती लाल गाडी, बसकी, रुंद, पुढून दात विचकणारी, हळूहळू वळत होती. फुटपाथवरून एक तरुण तिच्याकडे बघत बघत सरळ आत आला. म्हणजे येणार होता. मध्ये काच आली.

शोरूममधली विक्रेती धावत बाहेर गेली.

"लागलं का?"

"नाही, नाही… इथे काच आहे वाटतं."

"हो. बरीच वर्षं आहे."

कपाळावर टेंगूळ येत होतं, तरी तो हसला. तिने पाण्याची गार बाटली त्याच्या कपाळाला लावली आणि धंद्याचा धर्म म्हणून दुसऱ्या हाताने माहितीपत्रक दिलं.

तो समोरच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होता. ऑपरेशन पार पडलं की लोक सर्जनचे हात हातात घेतात, नर्सला दुवा देतात. भूल देणाऱ्याला कोणी ओळखत नाही, कारण त्याचं काम चांगलं झालं की पेशंटला काही आठवतच नाही. एकदा तरी कुणीतरी मान वळवून आपल्याकडे बघावं, एवढीच त्याची हौस. हे त्याने तिला सांगितलं नाही. पण गाडीच्या दाराला हात लावण्याआधी त्याने तो हात शर्टाला पुसला, आणि तिला ते उगाचच आवडलं.

"तीन लिटर, सहा सिलिंडर," तिने पाठ केलेलं सुरू केलं. "डोळ्याचं पातं लवायच्या आत—"

"यात… जरा लहान काही येतं का?" औषधांच्या दुकानात बाकीची गिऱ्हाइकं जाण्याची वाट बघून माणूस जे विचारतो, तशा आवाजात त्याने विचारलं.

"येतं ना. दीड लिटर."

"दीड? एवढं तर मी दिवसाला पाणी पितो."

"मग पुरेल तुम्हाला."

शोरूमच्या मॅनेजरना सगळे काका म्हणत. काकांचा नियम एकच होता: मोठं इंजिन काचेत, लहान इंजिन रस्त्यावर. गिऱ्हाइकाला आधी मोठं दाखवायचं आणि त्याचे डोळे दिपले की हात धरून हळूच लहानावर आणायचं. मोठ्या इंजिनाची गाडी अख्ख्या वर्षात एकही खपली नव्हती. पण ती काचेत नसती तर लहानाकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. "जो कोणी मोठं विकेल, त्याला नव्या शाखेत मॅनेजरची खुर्ची," असं काकांनी जाहीर करून ठेवलं होतं. विक्री विभागात बसायची पद्धत नव्हती. दिवसभर उंच टाचांवर उभी राहून तिच्या पोटऱ्यांना ती खुर्ची स्वप्नात दिसायची.

टेस्ट ड्राइव्हला अर्थात लहान इंजिन निघालं. तो गाडी अशी चालवत होता, जणू मागच्या सीटवर पेशंट झोपलाय.

"एक विचारू?" तो म्हणाला. "बाहेरून वाघ आणि आत मांजर. कंपनी असं का करते?"

"पुस्तकातलं सांगू की खरं?"

"आधी पुस्तकातलं."

"विमा कमी, कर कमी, पेट्रोल कमी. पुढचं वजन हलकं, म्हणून वळणावर गाडी चटकन वळते."

"आणि खरं?"

तिने खिडकीबाहेर पाहिलं. "खरं म्हणजे… वाघ सगळ्यांनाच हवा असतो. पोसायची ऐपत थोड्यांची. आणि ऐपत येईपर्यंत त्यांचे गुडघे गेलेले असतात, खाली वाकून बसता येत नाही. मग फक्त त्यांच्यासाठी गाडी काढली तर कारखाना बंद पडेल. आणि… कुणाला सांगू नका हं. हे इंजिन आमच्या त्या सात सीटच्या डबा गाडीतलंच आहे. जसंच्या तसं. आवाज तेवढा बदललाय."

"म्हणजे फसवणूकच!"

"फसवणूक कसली? आपल्याला एका सिग्नलवरून दुसऱ्या सिग्नलला तर जायचं असतं. लाल दिव्याला सगळी इंजिनं सारखीच."

त्याने वळून तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. गाडी आचके देऊन बंद पडली.

"क्लच," ती म्हणाली.

"हो… क्लच," तो म्हणाला. पण क्लचकडे बघत नव्हता.

मग तो येतच राहिला. एकदा डिकी बघायला. डिकीत एक बॅग मावत होती, ती बघायला त्याला तासभर लागला. एकदा उन्हं कलल्यावर लाल रंग कसा दिसतो ते बघायला. घरी तिच्या आईच्या कानावर हे जायचंच.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," आई म्हणाली. "गाडी तशी, गिऱ्हाईकही तसलंच. महिना झाला, अजून घेत नाही."

"अगं, विचार करतोय तो."

"गाडीचाच ना?"

ती फणकाऱ्याने उठून गेली. आई म्हणाली, "बरं."

प्रेमकथेला पाऊस लागतो. त्या दिवसांत आभाळ कोरडं ठणठणीत होतं, तेव्हा ती सोय सर्व्हिस विभागाने केली. टेस्टची गाडी धुवायला न्यायची होती आणि तो म्हणाला, मीही येतो. गाडी यंत्रात शिरली. चहूबाजूंनी पाणी कोसळलं, फेसाने काचा पांढऱ्या झाल्या, आत निळसर अंधार झाला. तिच्या बाजूची काच बोटभर उघडी राहिली होती. तिच्या बटा भिजल्या. त्याने रुमाल पुढे केला. रुमालाला हॉस्पिटलचा वास होता… तिला तोही चालला.

"लोकांना झोपवताना तुम्ही काय बोलता हो?"

"म्हणतो, तुमची आवडती जागा आठवा. बहुतेक जण उत्तर अर्धवट ठेवून झोपतात."

"आणि तुमची कुठली?"

त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात गरम वाऱ्याचे पंखे घोंगावू लागले आणि यंत्राने त्यांना उन्हात ढकलून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो दाराशी आला, तेव्हा काका तिला म्हणत होते, "आला बघ तुझा दीड लिटर. लहान इंजिनवाल्यांचा जीवही लहानच असतो."

ती हसली. साहेबांच्या विनोदाला हसायची नोकरीतली सवय, दुसरं काही नाही. पण त्याने ते ऐकलं आणि तिचं हसणं पाहिलं. तो दारातूनच परत गेला.

त्यानंतर आठवडाभर आला नाही. आला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून.

"मला मोठं हवंय," तो म्हणाला.

काका उठून उभे राहिले. असं ते फक्त कंपनीच्या साहेबांसाठी राहायचे. फिरता चौथरा थांबवण्यात आला. काकांनी किल्ली तिच्या हातात देताना डोळ्यांनी खुर्चीची आठवण करून दिली.

मोठं इंजिन सुरू झालं आणि शेजारच्या दुकानातली पोरं बाहेर आली. लोक माना वळवून बघू लागले. त्याला हवं होतं तेच झालं, आणि तो घामाने निथळत होता. गाडी नुसत्या स्पर्शाने उसळायची, तो ब्रेक दाबायचा, दोघांच्या माना पुढे जायच्या. मध्येच तो काहीतरी बोलला.

"काय?" ती ओरडली.

तो पुन्हा बोलला. ओठ हलले. इंजिनाने सगळं गिळून टाकलं.

सिग्नल लाल झाला. गाडी गुरगुरत थांबली. डाव्या बाजूला एक जुनी खटारा गाडी येऊन उभी राहिली, उजव्या बाजूला एक स्कूटर. तिने हात पुढे केला आणि बटण दाबून इंजिन बंद केलं.

एकदम शांत झालं.

"आता बोला."

"काही नाही… त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना, आवडती जागा." तो स्टिअरिंगकडे बघत होता. "तुमच्या शेजारची सीट. कुठल्याही गाडीतली. पण तुम्ही हसलात, तेव्हा वाटलं, लहान इंजिनवाल्याने हे बोलू नये."

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न सुरू झाले. खुर्ची तिच्या डोळ्यांपुढे आली. गादीची, चाकांची, मागे टेकता येणारी. तिने ती जाऊ दिली.

"मी तुम्हाला ही गाडी विकणार नाही."

"का?"

"यात तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

मागचा माणूस उतरून आला आणि काचेवर टकटक करत म्हणाला, "अहो, बंद पडली का?"

"नाही," भूलतज्ज्ञ म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो तोंडभर हसत होता. "आत्ता सुरू होतेय."

काकांनी कपाळाला हात लावला. "हातातलं गिऱ्हाईक घालवलंस?"

"घालवलं नाही, लहानावर आणलं. तुमचाच नियम."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग काचेबाहेर उभ्या त्याच्याकडे पाहिलं आणि स्वतःची खुर्ची पुढे सरकवली. "बस जरा. उलट उत्तरं तरी बसून दे."

लाल गाडी आली, दीड लिटरची. त्यानंतर लग्नही झालं. रस्त्यावर लोक मान वळवून बघायचे आणि त्याचं लक्ष नसायचं, कारण तो शेजारच्या सीटकडे बघत असायचा. तिची आई एकदा त्या गाडीत बसली, पण तिला बाहेर काढायला दोघांना मिळून ओढावं लागलं. पुढे बाळाची सीटही मागे बसेना. मग लाल गाडी विकून त्यांनी सात सीटची डबा गाडी घेतली.

इंजिन तेच आहे.