मॉडेल पुलापाशी संपतं

आमची खाडी तुम्ही पुलापाशी कापलीत, साहेब. चिखलात कधी पाय न घालता, एसीत बसून. म्हणून ही प्रेमकथा तुम्हालाच ऐकवते.

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा गुडघाभर रुतला होता. ओहोटी होती, मी आईबरोबर चिखलात खुबे, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होते. दोन्ही हातांनी कसलंसं यंत्र डोक्यावर धरून तो पाय उपटायला बघत होता...

“अरे, पाय ओढू नको! अजून आत जाशील.”

“मग काय करू?”

“यंत्र दे इकडे आणि पुढे झुक. पँट वाचवायचीय की जीव?”

तो झुकला. तोंडावर पडला. मी हसले — आणि त्या चिखलातून दोन डोळेही हसले.

नाव विनेश. नागावला भाड्याची खोली. पाण्याचं मॉडेल करायला आलेला.

“म्हणजे अख्खी खाडी संगणकात उतरवायची,” तो म्हणाला.

“मग तिथेच फिर ना. चिखल तरी नसेल.”

“तिथे तू नाहीस.”

मेला! कान तापले माझे.

मग तो रोज ओहोटीला यायचा. आईने त्याला खुब्यांचं कालवण खाऊ घातलं. बोटं चाटता चाटता त्याला आठवलं, हे खुबे कारखान्यांच्या पाण्यातले... आणि त्याचा हात थांबला.

एकदा त्याने लॅपटॉप उघडला. डोंगरापासूनचे सगळे ओढे निळे. कारखान्यांच्या नाल्यातून लाल रंग निघाला. मोठा पाऊस झाला की विष कुठल्या गावात कधी पोचणार ते आधी कळणार, त्या गावाला मोबाईलवर इशारा जाणार. लाल रंग पुलापर्यंत आला — आणि थांबला.

“आमचं घर?”

“मॉडेल पुलापाशी संपतं... खाली नुसता समुद्रच आहे असं धरलंय. साहेबांनी तसंच सांगितलंय.”

“म्हणजे मी खरंच नाही तिथे.”

त्याने लॅपटॉप मिटला. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

श्रावणात वरच्या गावांना इशारा गेला. आम्हाला नाही. आई खाडीत होती. संध्याकाळपर्यंत तिचे पाय गुडघ्यापर्यंत सोलून निघाले, भाजल्यासारखे. अलिबागच्या दवाखान्यात डाव्या पायाची बोटं कापली.

विनेश तिथे आला. दाढी वाढलेली, डोळे लाल.

“मी मॉडेलची हद्द पुलाच्या खाली नेली. मॉडेल पुन्हा चालवलं. भरती विषाला बाहेर जाऊ देत नाही, उलट तुमच्याच काठाला आणून लावते. साहेबांना दाखवलं... त्यांनी मलाच काढलं.”

“आधी का नाही नेलीस?”

“घाबरलो. नोकरी जाईल म्हणून. आता ती नाही. फक्त तू... तू हवी आहेस, प्रणाली.”

रडू येत होतं, तरी तोंडातून निघालंच, “पगार नाही, चिखलात चालता येत नाही. आईला काय सांगू?”

“सांग, आता पाय मागे घेत नाही.”

खाटेवरून आवाज आला, “मी जागी हाय गं. पोरगा बरा हाय. पन आधी माझ्या पायांचं इचार त्याच्या सायबाला.”

विचारतेय, साहेब. दिवाळीनंतर लग्न आहे. वऱ्हाड तुमच्या त्या पुलावरूनच खाली येणार. त्याआधी आईला उत्तर द्या, तोंडावर द्या: पुलाखाली माणसं राहतात, की नाही?