तांब्याच्या कांबीपाशी

ही नुसती ऐकीव गोष्ट नाही. ताईच्या घरातल्या त्या टेबलाची जळकी कड मी या हातांनी चाचपली आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

उन्हाळा सरत आला होता. दिवेलागणीची वेळ. गावाबाहेरच्या चढावर ताईचं एकमजली घर, आणि छपरावर भावजींच्या रेडिओचा उंच खांब.

भावजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. रेडिओवरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी गप्पा मारायचा त्यांना भारी नाद. विजेला मात्र जाम टरकून असत. आभाळ काळवंडलं की खांबावरून आलेली तार रेडिओतून सोडवायची, खिडकीबाहेर काढायची आणि भिंतीलगत पुरलेल्या तांब्याच्या कांबीला आवळायची. वीज पडलीच तर परस्पर मातीत जावी म्हणून. माती ओली हवी, म्हणून उन्हाळाभर रोज संध्याकाळी कांबीपाशी बादलीभर पाणी.

"माझ्या मोगऱ्याला कधी थेंब घातला नाहीत!" ताई चिडवायची.

ते गेले, तसं ते पाणीही थांबलं. रेडिओ मुलाने घेतला. दिवसभर त्यावर संदेशांची टिकटिक करत बसायचा, म्हणून आम्ही त्याला टिक्याच म्हणायचो.

त्या संध्याकाळी वारा एकदम पडला.

पाखरं गप्प झाली.

लांब कुठेतरी गडगडलं...

"टिक्या, तार काढ रे!" ताईने स्वयंपाकघरातून हाक दिली.

"काढली गं आई. टेबलावर पडलीय बिचारी."

"बाबा बाहेर न्यायचे."

"बाबा नळाचं पाणी पितानाही छत्री घेऊन बसले असते! रेडिओतून सुटली ना? झालं तर."

तिला त्यातलं काय कळत होतं!

इतक्यात...

घरामागे बादलीची कडी वाजली.

मग पाणी. सावकाश, धार धरून ओतल्यासारखं...

घरात दोघंच होती. आणि घरातली एकुलती एक बादली ताईच्या समोर, मोरीत पालथी होती.

पुन्हा कडी वाजली. या वेळी रागाने आदळल्यासारखी.

"आई, मागे कोण आहे?" टिक्या खुर्ची सरकवून उठला.

दोघं मागच्या दारात आली. ताईने त्याचा दंड धरून त्याला पायरीवरच थोपवला.

कुणी नव्हतं.

कांबीभोवतीची माती कोरडी ठणठणीत, भेगाळलेली. पाण्याचा आवाज मात्र चालूच होता...

आणि सगळं पांढरं झालं.

कान उघडले तेव्हा घरात जळका वास भरला होता. वीज खांबावर पडली होती. टेबलाची कड कोळसा झाली होती. टिक्याच्या खुर्चीच्या पाठीला मुठीएवढं भोक.

"तार घरातच ठेवली मी..." टिक्या खाली बसला. "वीज तारेने घरात आली. पुढे वाट नाही, म्हणून खुर्चीवर उडाली."

त्यानंतर तो तार न चुकता बाहेर नेऊन आवळू लागला. कांबीला पाणीही घालू लागला. तो आवाज परत कधी आला नाही. सगळे म्हणाले, भावजी सुटले.

आता टिक्याने परगावी संसार थाटलाय. तिथेही छपरावर खांब उभा केलाय. इकडे ढग दिसले तरी ताई त्याला फोन लावते. परवा तो उचलेना. रिंग वाजत राहिली. मी म्हटलं, "अगं, सगळं नीट करतो तो. कामात असेल."

ताईने फोन कानावरून काढला नाही.

"करतो गं. पण एखाद्या दिवशी विसरला तर... ह्यांना ते घर माहीत नाही."