सात पॉइंट एक

ही गोष्ट खरी आहे. पंकजा आणि मी एम.एस्सी.ला एकाच बाकावर बसायचो, आणि भुताखेतांना माझ्याआधी तीच हसायची. म्हणून तिने सांगितलेले आकडे जसेच्या तसे लिहितेय.

तारीख ९ डिसेंबर २०२३, शनिवार. जागा तिसगावच्या पुढचा एक फाटा. तिथून पंकजाची वस्ती ४.६ किलोमीटर.

हे अंतर तिच्या वडिलांनी, बिभीषण अण्णांनी, मोजलेलं. त्यांच्या मोटरसायकलच्या मीटरवर शून्यापासून अंतर मोजणाऱ्या दोन ट्रिप होत्या. ‘ए’ पेट्रोलसाठी; टाकी भरली की शून्य करायची. ‘बी’ मात्र लेकीसाठी राखून ठेवलेली. पंकजा दर शनिवारी नगरहून सहाच्या एसटीने यायची. अण्णा अंगणातच बटण दाबून धरायचे, शून्य आलं की निघायचे. तिला घेऊन परतले की मीटर दाखवायचे.

"बघ. नऊ पॉइंट दोन."

"अण्णा, घर बी हलत न्हाई, फाटा बी हलत न्हाई. दुसरं काय येनार?"

"हस, हस. नऊ पॉइंट दोन आलं म्हंजी माझी पोरगी घरी पोचली."

त्या शनिवारी पंकजा गेलीच नाही.

मैत्रिणीचा वाढदिवस होता. अण्णांना कळवायचं राहून गेलं. मोबाईलवर त्यांचे तीन फोन येऊन गेले. गाण्यांच्या आवाजात तिला ऐकू आले नाहीत.

साडेसातला, परतीच्या वाटेवर, अण्णा उसाच्या उभ्या ट्रॉलीवर आदळले. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता.

घरी पोचल्यावर आईने, रंगुबाईंनी, विचारलं, "तू येनार हुतीस ना गं?"

तिच्या तोंडून निघून गेलं, "मी दुपारीच सांगितलं होतं, येत न्हाई म्हणून."

मग अण्णा त्या रस्त्याला गेले कशाला? आई रानात होती, तिने त्यांना निघताना पाहिलं नव्हतं. उत्तर गावाने शोधलं. फाट्यावर प्यायला गेला असंल...

अण्णा सुपारीसुद्धा खात नव्हते.

पंकजा गप्प राहिली.

तेराव्यानंतर चुलत्यांनी, पुंजाराम तात्यांनी, गाडी टेम्पोतून नेऊन नीट करून आणली. शेडमध्ये कुणी नसताना पंकजाने चावी फिरवली.

ट्रिप बी... ७.१.

जाताना ४.६. येताना २.५. अपघाताची जागा घरापासून बरोबर २.१ किलोमीटरवर. अण्णा फाट्यापर्यंत गेले होते, तिची वाट बघून एकटेच परत फिरले होते. हे सांगणारं दुसरं कुणी नव्हतं.

तिने बटण दाबून धरलं.

०.०.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी ती पेंड काढायला शेडमध्ये गेली. गाडीला हँडल लॉक होतं, चावी घरात खिळ्याला. तरी इंजिन... कोमट होतं.

तिने चावी आणून फिरवली.

ट्रिप बी, ४.६.

एकूण किलोमीटरचा आकडा मात्र मागच्या वेळचाच, ३८,२१४. दोन्ही आकडे एकाच चाकावरून मोजले जातात. एक सरकला आणि दुसरा नाही, असं होऊ शकत नाही.

तिने ट्रिप पुन्हा शून्य केली. पुढच्या चाकाच्या तारांमधून शिवणाचा दोरा ओवून खांबाला बांधला. पुढचा शनिवार आला. दोरा तसाच.

मीटर... ४.६.

तेवढ्यावरच थांबत होतं. फाट्यापर्यंत जात होतं. परत येत नव्हतं.

त्या रात्री ती चुलीपाशी जाऊन बसली. "आई, मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. ते मला आणायला गेले होते."

तव्यावरची भाकरी करपली तरी रंगुबाईंनी उलटली नाही.

मग म्हणाल्या, "आता ईल त्या शनिवारी जा. थांबला असंल तो."

ती फाट्यावर जाऊन उभी राहिली. सहाची एसटी आली, निघून गेली. फाट्यावर कुणी नव्हतं. पंकजा वस्तीकडे चालू लागली.

थोड्या वेळाने मागून आवाज आला... पहिल्या गिअरमध्ये, हळूहळू येणाऱ्या गाडीचा.

तिने वळून पाहिलं. रस्ता रिकामा.

ती चालली की आवाज चालायचा. ती थांबली की तोही थांबायचा. तिला भीती वाटली नाही, रडू आलं. ट्रॉलीच्या जागेवर आली तेव्हा आवाज बंद पडला.

"अण्णा, चला ना घरी."

नुसता तुरीतून वारा.

घरी आई शेडमध्ये चावी लावून उभी होती. ती बाजूला झाली.

७.१.

पंकजाने भावकीला बसवून खरं काय ते सांगितलं. अण्णांच्या पिण्याचं आता कुणी बोलत नाही. मला वाटलं, एवढ्यावर हे मिटेल.

मिटलेलं नाही. ते बटण तिने परत कधी दाबलं नाही. तरी दर शनिवारी ती नगरहून येऊन फाट्यावर उतरायच्या आधी मीटर शून्यावर आलेलं असतं. आईने पाहिलंय, मागच्या महिन्यात मीही पाहिलं. मला याचं कारण सापडलेलं नाही.

ती घरी पोचते तेव्हा ७.१ असतं. ९.२ अजून एकदाही आलेलं नाही.

शेवटचे दोन पॉइंट एक किलोमीटर ती एकटीच चालते.