चौकटीतला जयवंत

जिन्यातला दिवा गेलाय ना, जाऊ दे. इथेच गॅलरीत बसा. हे आपल्याच चाळीत घडलंय, दुसऱ्या माळ्यावर, लवू परबाच्या खोलीत. लवू गिरणीत माझ्या शेजारच्या साच्यावर, म्हणजे मागावर, काम करायचा. साल सत्तावन्न, डिसेंबरची एकवीस तारीख, शनिवार. अवस होती.

त्या सकाळी लवूने गिरणीत खाडा केला, धुवट धोतर नेसला आणि चित्रं बघायला निघाला. साचेवाला माणूस आणि चित्रांची प्रदर्शनं! पण कारण तसंच होतं.

त्याचा एकुलता मुलगा जयवंत. एकोणीस वर्षांचा. छप्पनच्या जानेवारीत मुंबईसाठी लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा लालबागच्या नाक्यावर गोळी लागून गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. लग्नात काढू, लग्नात काढू म्हणत राहून गेलेलं. त्याची आई, रखमा, तेव्हापासून खंगत गेली. त्या आठवड्यात तर डॉक्टरांनीही हात टेकले. ती पडल्या पडल्या एकच बोलायची, "माका तेचा तोंड आठवणा नाय हो... माज्या जयवंताचा तोंड..."

आणि शुक्रवारी दगडू सुतार आला. चित्रांच्या चौकटी करायचा तो. म्हणाला, "लवूदादा, रागावू नका. गेल्या आठवड्यात एका चित्राला चौकट मारली. हुबेहूब तुमचा जयवंत. माझ्या दुकानाच्या शेठने ते परस्पर कुठल्यातरी प्रदर्शनात धाडलं आणि शेठ गेलाय गावाला. कुठे लागलंय, देव जाणे."

लवू आधी काळ्या घोड्याजवळच्या चित्रदालनात गेला. दारवानाने हटकलं, "ए बाबा, कुठे? इथे चित्रं आहेत."

"चित्रांच बगूची आसत."

आत शिरला. घोडे, होड्या, नाक नसलेल्या बायका. चेहरा दिसला की हा अगदी जवळ जाऊन उभा राहायचा. दोन पोरी खुसुखुसु हसल्या. याला ऐकूही आलं नाही. तिथून फोर्टातल्या चित्रांच्या दुकानाची माडी. तिथून गिरगावातलं एक सभागृह. पोटात चहासुद्धा नव्हता. शेकडो चेहरे पाहिले, जयवंत कुठेच नाही.

गिरगावात पायरीवर बसला. डोळे मिटून पोराला आठवू लागला. एका चित्रातलं नाक आलं. दुसऱ्यातले डोळे आले. भलतीच हनुवटी आली.

जयवंत येईचना.

पोरांनो, सकाळपर्यंत त्याच्या मनात तरी तो चेहरा होता. दिवसभर परके चेहरे बघून तोही पुसला गेला. लवू तिथेच, भर रस्त्यात, हमसून हमसून रडला. सभागृहाच्या शिपायाला दया आली. म्हणाला, "शिवाजी पार्काजवळ एका बाईंनी स्वतःची चित्रं मांडलीयत. आज शेवटचा दिवस. पळा."

साडेसातला पोचला. अर्धं दार लागलं होतं. लवू तसाच आत घुसला... आणि समोरच्या भिंतीवर जयवंत.

खिडकीजवळ खुर्ची. खुर्चीत जयवंत. निळा सदरा. आत्ता काही बोलेल असा.

चित्रं काढणाऱ्या त्या मृणालिनीबाई धावत आल्या. लवू त्यांच्या पायाशीच कोसळला. "बाई, हा माझा मुलगा. त्याची आई आजची रात्र काढत नाही. एकदा दाखवतो आणि उद्या आणून देतो. पाया पडतो तुमच्या."

"अहो, उठा आधी! तुमचा मुलगा का हा? फार गुणी आहे हो. दिवाळीत चार संध्याकाळी येऊन बसला माझ्यासमोर. तोंडातून एक शब्द नाही."

"कुठल्या दिवाळीत?"

"म्हणजे? याच. दोन महिने झाले."

लवूने चित्राची चौकट दोन्ही हातांनी धरली. त्याच्या तोंडाकडे पाहून बाईंनी त्याला बाजूला बसवलं. चित्र उतरवलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, सुतळी बांधली.

ट्रामला गर्दी नव्हती. लवू कोपऱ्यात बसला, चित्र छातीशी धरून. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली.

"दोन कशाला?"

"तो तुमच्याबरोबरचा पोरगा..."

लवूने वळून पाहिलं. बाक रिकामा. कंडक्टरनेही पाहिलं... आणि दुसरं तिकीट परत घेऊन पुढे निघून गेला.

नऊ वाजले. चाळीत सामसूम. जिना चढला. दार उघडंच.

रखमा बसली होती. महिनाभर ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती, ती भिंतीला टेकून बसली होती. हसत होती.

"रखमा, बघ... काय आणलंय..."

"झिल इल्लो. माजो जयवंत."

लवू चित्र घेऊन तिच्या अंथरुणापाशी बसला.

"आत्ताच. हयसर बसलो. डोक्यावरसून हात फिरवल्यान. तोंड बगलंय मी तेचा. पोटभर."

लवूने सुतळी तोडली. कागद फाडला.

खिडकी होती. खुर्ची होती.

खुर्चीत... कोणी नव्हतं.

पहाटे रखमा गेली. शांतपणे. आम्ही सगळे जमलो. बायकांनी तिला न्हाऊ घातलं. शिकेकाई लावून झाली, रॉकेलचा बोळा फिरवून झाला, तरी डाग जाईना. माझी बायको बाहेर आली. मला आत नेलं.

रखमाच्या कपाळावर... केसांपासून भुवईपर्यंत... चार बोटं. निळ्या रंगाची.

मी हात लावून पाहिला.

रंग ओला होता.