आईच्या पेशी

त्या काळी आठवणी दान करता येत असत. मनातल्या आठवणींचा इथे संबंध नाही. त्या अजूनही ज्याच्या त्यालाच निस्तराव्या लागत. ही गोष्ट रक्तातल्या आठवणींची आहे.

माणसाच्या रक्तात मदतनीस पेशी असतात. शत्रू ओळखायचा आणि बाकीच्या पेशींना हुकूम सोडायचा, हे त्यांचं काम. हुकूम सुटला नाही तर उरलेलं सैन्य हातावर हात ठेवून बसतं. एचआयव्हीचा विषाणू नेमका या मदतनीस पेशींत शिरतो, त्यांच्याकडूनच स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि त्यांना संपवतो. यातल्या काही पेशींनी लहानपणापासूनच्या आजारांची ओळख जपलेली असते. त्यांना स्मृतिपेशी म्हणतात. त्या गेल्या की क्षयाचे जंतू सोडाच, साधी बुरशीसुद्धा शरीराला आवरत नाही. वर्षानुवर्षं गोळ्यांनी हा विषाणू दाबून ठेवला होता. मग गोळ्यांना न जुमानणारा प्रकार आला, आणि शास्त्रज्ञांनी वेगळी वाट काढली. निरोगी नातेवाइकाच्या स्मृतिपेशी घ्यायच्या, विषाणू ज्या दाराने आत शिरतो ते दार त्यांच्यावरून काढून टाकायचं, आणि त्या रुग्णाला द्यायच्या. याला ‘दत्तक स्मृती’ म्हणत.

रेवा गवाणकरला तिच्या आईची स्मृती दत्तक मिळाली होती. महिनाभर सगळं छान चाललं. फुप्फुसातली क्षयाची गाठ आक्रसली, वजन वाढलं, नर्सशी वाद घालण्याइतकी ती ताजीतवानी झाली. मग एका सकाळी तिच्या तळपायांची आग व्हायला लागली. दुपारपर्यंत पाय आणि कान भाजल्यासारखे लाल झाले. दुसऱ्या दिवशी डोळे पिवळे दिसले, तेव्हा दत्तक स्मृती देणाऱ्या केंद्राच्या प्रमुख डॉ. झीनत मुजावर यांनी तिच्या आईला खोलीत बोलावून घेतलं.

“हर्षदाताई, तुमच्या पेशी रेवावर उलटल्यात.”

“उलटल्यात म्हणजे?”

“त्या रेवालाच शत्रू समजतायत. तिची कातडी, यकृत, आतडी, सगळीकडे हल्ला चाललाय.”

“माझ्या पेशी?” हर्षदाला ते अंगावर धावून आल्यासारखं वाटलं. “अहो, नऊ महिने पोटात वाढवलंय मी तिला.”

“तिथेच तर सुरुवात झाली. मूल निम्मं आईचं असतं आणि निम्मं बापाचं. म्हणजे आईच्या शरीराला ते निम्मं परकंच. गरोदरपणी शरीर स्वतःला आवरून धरतं, म्हणून मूल वाचतं. पण पेशींनी परका पाहिलेला असतो. पुष्कळ बायकांच्या रक्तात ती ओळख पुढे कायम राहते.”

“मग हे आधी माहीत नव्हतं तुम्हाला?”

“होतं ना. म्हणून तर चाळणी लावतो.”

चाळणी म्हणजे अशी व्यवस्था: आईच्या पेशींसमोर मुलीच्या बापाचं रक्त ठेवायचं. ज्या पेशी त्या रक्तावर चवताळतील, त्या वेचून फेकायच्या आणि गरीब तेवढ्या घ्यायच्या. मुलीचं स्वतःचं रक्त विषाणूने बरबटलेलं, ते इथे चालत नसे.

“तुमची चाळणी मला चांगली आठवते,” डॉक्टर म्हणाल्या. “एकही पेशी चवताळली नव्हती. प्रयोगशाळेतली आमची पोरं खूश झाली होती, इतकी शांत आई त्यांनी कधी पाहिली नव्हती. तेच मला आता कळत नाहीये.”

हर्षदाने पदराचं टोक पिळलं.

“ते रक्त रेवाच्या बाबांचं, पुष्करचं नव्हतं,” ती म्हणाली. “हेरंबचं होतं. माझ्या भावाचं.”

लोकांना केंद्राची पायरी चढताना कुणी बघू नये, म्हणून केंद्रानेच नमुना घरून पाठवायची सोय केली होती. रेवाला हा आजार तिच्या घटस्फोटित नवऱ्याकडून आला होता. आजारावर उपाय निघाला तरी त्यांच्या गावी, चिपळूणला लोकांची तोंडं तीच होती. पुष्करचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं, त्यात हे कळलं तर तो खचेल, या भीतीने हर्षदाने त्याला सांगितलं की रेवा बेंगळुरूला ट्रेनिंगला गेलीय. रक्त तर हवंच होतं. भावाने काही न विचारता दंड पुढे केला. घरातल्याच माणसाचं तर रक्त, असा तिचा साधा हिशेब. आपण काही चुकतोय असं तिला वाटलंच नाही.

डॉ. मुजावरांनी डोळे मिटून घेतले.

“सख्ख्या बहीणभावांचं कधीकधी तंतोतंत जुळतं. तुमच्या पेशींना वाटलं, हे आपलंच रक्त. मुलीशीही ते निम्मं जुळलं, म्हणून आम्हाला शंका आली नाही. बापाला ओळखणारी एक एक पेशी रेवाच्या अंगात गेली, आणि तिथे तिला आवरणारं कुणी नाही.”

“म्हणजे त्या पुष्करला शोधतायत? तिचं नाक त्याच्यासारखं आहे. बोटंसुद्धा.”

“नाक आणि बोटं असं नसतं हो. रेवाच्या प्रत्येक पेशीत निम्मे तिचे बाबा आहेत.”

हर्षदाने तिथूनच फोन लावला. पुष्कर मिळेल ती गाडी करून आला. तो खचला नाही. मुलीला काचेतून पाहिलं, बायकोकडे एकदा पाहिलं, आणि शर्टाची बाही वर केली.

“माझं रक्त घ्या.”

“घेते,” डॉक्टर म्हणाल्या. “तुम्ही रेवाला पोटात वाढवलेलं नाही. तिच्यातला आईचा निम्मा भाग तुमच्या पेशींनी कधी पाहिलेला नाही, त्यामुळे त्या रेवावर तशा चवताळणार नाहीत. ज्या थोड्या चवताळतील त्या चाळून काढू. पण त्या आत्ता दिल्या तर हर्षदाताईंच्या पेशी त्यांचा फडशा पाडतील. आधी ताईंच्या पेशी माराव्या लागतील. आणि क्षयाची गाठ त्यांनीच दाबून धरलीय. तुमच्या पेशी तयार होईपर्यंत आठवडाभर रेवाच्या अंगात पहाऱ्याला कुणीच नसेल.”

“नाही मारल्या तर?”

“तर यकृत आठवडा काढणार नाही.”

निर्णय रेवाचा होता. तिने सगळं ऐकून घेतलं आणि ती “मारा” म्हणाली. मग आईकडे न बघता तिने डॉक्टरांना विचारलं, “आता दुखतंय, ते आईच करतेय ना?”

“आईच्या पेशी करतायत,” डॉक्टर म्हणाल्या.

हर्षदा नवऱ्याकडे वळली. “पुष्कर, मी तुला कधी परकं मानलं नाही रे.”

“वेडी आहेस का? मला माहितीये ते.”

तो मनापासून बोलत होता आणि तीही खरंच बोलली होती. पण तीस वर्षं ती ज्याच्या शेजारी झोपली, त्याची शत्रू म्हणून झालेली ओळख तिच्या रक्ताने इतकी वर्षं जपून ठेवली होती, हे आता तिघांनाही कळलं होतं.

औषधाची नळी जोडली गेली. हर्षदा पलंगाशी गेली आणि तिने मुलीच्या कपाळावरचे केस मागे सारायला हात पुढे केला. नुसत्या स्पर्शाने काही होत नाही, हे डॉक्टरांनी दोनदा समजावून सांगितलं होतं. रेवाला ते पटलंही होतं. तरीही तिचं डोकं आपोआप उशीवर मागे सरकलं, पलीकडे उभ्या असलेल्या बाबांच्या बाजूला.