दुपारी उतरणारं पाणी

“चिमटे, पाय उचल! पिल्लावर उभी आहेस तू!” शंका ओरडली.

चिमटीने उडी मारली ती थेट इंजिनच्या अंगावर. दोघंही चिखलात फतकल मारून बसली. शंकाने मात्र मान वर केली नाही. ती गवतात गुडघे टेकून मेलेली माशांची पिल्लं मोजत होती. नखाएवढी, पारदर्शक, डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके.

“एकेचाळीस,” ती म्हणाली. “काल तीस होती.”

शंकाचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच उरलं होतं. बारा वर्षांची झाली तरी तिच्या शंका काही संपत नव्हत्या, म्हणून हे नाव. इंजिन तिचा थोरला भाऊ. धावताना फुसफुस आवाज करायचा. चिमटी त्यांची मावसबहीण, वय वर्षं नऊ, आणि नाव कशावरून पडलं ते तिच्याजवळ बसलेल्या कुणालाही विचारावं. सुट्टीसाठी दोघं भावंडं मावशीकडे आली होती आणि मावशी या नदीच्या माशांचा अभ्यास करत होती.

नदीचं एक जुनं वळण होतं. बांध घालून नदी सरळ केली, तेव्हा ते तोडलं गेलं आणि चाळीस वर्षं कोरडं पडून राहिलं. गेल्या वर्षी मावशीच्या खात्याने ते पुन्हा खणून नदीला जोडलं. वरच्या तोंडातून पाणी आत यायचं, सखल गवतावर पसरायचं आणि खालच्या तोंडातून परत नदीत जायचं. नदीचे मूळचे मासे अंडी घालतात ती अशाच उथळ, संथ पाण्यात. यंदा ते पहिल्यांदा आत आले होते. अंडी फुटली, पिल्लं निघाली. आणि आता ती मरत होती.

“पाणी तपासलं. विष नाही, रोग नाही,” मावशी थकून म्हणाली. “पाण्याची पातळीही ठीक आहे. सकाळी आठला बघते, संध्याकाळी सहाला बघते. जशीच्या तशी! शुक्रवारी समिती येणार. पिल्लं जगत नाहीत असं दिसलं, तर हे वळण परत बुजवतील.”

“पण मावशी, मेलेली पिल्लं पाण्यात नाहीत, वर गवतावर आहेत. पाणी उतरल्याशिवाय ती तिथे कशी अडकतील?”

“पाणी उतरत नाही गं. सांगितलं ना?”

“आठ ते सहाच्या मध्ये कोण बघतं?”

मध्ये मावशी प्रयोगशाळेत असायची. मध्ये कुणीच बघत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाचे डबे घेऊन तिघं वळणाच्या काठावर जाऊन बसली. शंकाने पाण्यात एक काठी रोवली आणि पाणी टेकलं होतं तिथे दोरा बांधला. अकरा वाजले. साडेअकरा वाजले. इंजिनने स्वतःचा डबा संपवला आणि चिमटीच्या डब्याकडे बघायला लागला.

“शंके, तुझी ही काठी काही—”

“दोरा बघ!”

दोऱ्याखाली चार बोटं काठी ओली दिसत होती. आणि पाणी खालीच चाललं होतं! गवताची पाती एकेक करून आडवी पडत होती. मधल्या खळग्यांत पिल्लांचे थवे अडकून गरगर फिरत होते.

तिघं वरच्या तोंडाकडे पळाली. तिथे दोन्ही बाजूंना खाचा असलेले सिमेंटचे खांब होते. दुरुस्तीसाठी प्रवाह थांबवायचा झाला, तर त्या खाचांत जाड फळ्या बसवायच्या. एरवी त्या काठावर रचलेल्या असायच्या. आज तीनही फळ्या खाचांत होत्या! आणि पलीकडे, कोरड्या होत चाललेल्या तळावरून, दगड भरलेले ट्रक एकामागून एक निघाले होते. बांधाच्या कामावरचा मुकादम शिट्टी वाजवून त्यांना वाट दाखवत होता.

“पुलावरून जायचं सोडून इथून नेतोय! पाच वाजता फळ्या काढत असणार, म्हणजे मावशी येईपर्यंत सगळं जागच्या जागी!” इंजिन दातओठ खात म्हणाला. “थांब, बघतोच त्याच्याकडे!”

“तू कुणाकडेही बघणार नाहीस. तू पळणार आहेस. मावशीला घेऊन ये. आत्ता!”

इंजिन फुसफुसत सुटला. शंका आणि चिमटीने एका फळीला हात घातला. फळी तसूभरही हलली नाही. चार माणसांचं काम होतं ते. मावशी यायला निदान अर्धा तास लागणार आणि खळगे त्याआधीच आटणार. पुढे काय करायचं ते शंकाला सुचेना.

चिमटीने बांधावर चढून रस्त्याकडे पाहिलं. मग ती शांतपणे मुकादमाजवळ गेली.

“काका, तुमच्या मोठ्या बाई आहेत ना, इंजिनियर? त्यांची गाडी पांढरी असते का हो?”

“हो. तुला काय करायचंय?”

“काही नाही. तिकडे रस्त्याच्या वळणावर एक पांढरी गाडी उभी आहे, म्हणून विचारलं.”

मुकादमाचा चेहरा खर्रकन उतरला. “ए! ट्रक मागे घ्या! फळ्या काढा! चला, चला, हात चालवा!”

चार माणसं धावली. फळ्या निघाल्या, काठावर आदळल्या आणि नदी धडधडत आत शिरली. शंका वळणाकडे पळत गेली. पाणी खळग्याखळग्यांतून पुढे सरकत होतं आणि थवे मोकळे होऊन गवतात पसरत होते. मग ती परत फिरली.

रस्त्यावरची गाडी पाववाल्याची होती. ती पाव देऊन निघूनही गेली.

अर्ध्या तासाने खरी पांढरी गाडी आली. मावशी मोठ्या बाईंबरोबरच बैठकीत बसली होती, म्हणून इंजिनने दोघींनाही आणलं होतं. मुलींनी फळ्या, ट्रक, पाववाल्याची पांढरी गाडी, सगळं सांगून टाकलं.

“फळ्या?” मुकादम हसला. “महिनाभर हात नाही लावला, बाई. या काय इथे उन्हात पडल्यात. पोरं काय, काहीही सांगतात.”

मोठ्या बाईंनी मुलांकडे पाहिलं. शंका पुढे झाली. तिने सगळ्यात वरच्या फळीच्या भेगेत बोट घातलं आणि तळहात बाईंपुढे धरला. तळहातावर वाटाण्याएवढी पाणगोगलगाय होती. तिने हळूच शिंगं बाहेर काढली.

“महिनाभर उन्हात पडलेल्या फळीत ही जिवंत कशी राहिली?”

मुकादम पुटपुटला, “पुलावरून फेरा पडतो, बाई. मला वाटलं, एवढीएवढीशी पिल्लं... दुपारपुरतं पाणी अडवलं तर काय होतंय?”

“काय होतं ते कळायला उद्यापासून रोज दुपारी पिल्लं तुम्हीच मोजायची,” मोठ्या बाई म्हणाल्या. “फळ्या या मुलांच्या मावशींच्या कुलपात राहतील. ट्रक पुलावरून जातील.” मग त्या मुलांकडे वळल्या. “आम्ही तिघी-चौघी तज्ज्ञ महिनाभर पाणी तपासत होतो. दुपारी इथे येऊन बसायचं कुणाला सुचलं नाही. शाबास! आणि ती पांढरी गाडी कुणाची कल्पना?”

“मी खोटं नाही बोलले हां!” चिमटी म्हणाली. “गाडी पांढरीच होती!”

मोठ्या बाई पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

शुक्रवारी समिती आली. मावशीने बारीक जाळं एकदाच पाण्यातून फिरवलं आणि पाणी भरलेल्या पांढऱ्या घमेल्यात पालथं केलं. समितीचे अध्यक्ष मोजायला वाकले, सत्तरपर्यंत आले आणि नाद सोडून दिला. वळण राहणार होतं.

सुट्टीच्या शेवटच्या सकाळी मावशीने तिघांना खालच्या तोंडाशी नेलं. पिल्लं आता बोटाएवढी झाली होती. “आता यांना बोटुकली म्हणायचं,” ती म्हणाली. बोटुकल्यांचा एक थवा प्रवाहाच्या कडेला घुटमळत होता. पुढे जात होता, मागे येत होता. मग त्यातली एक नदीत शिरली आणि बाकीच्या तिच्यामागे गेल्या.

“एवढ्या मोठ्या नदीत घाबरत नसतील?” शंकाने विचारलं.

“असतील,” मावशी म्हणाली, “पण बघ, चालल्याच.”